नवाचा ताळा जुळला, तरी संख्या चुकलेलीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : रविवारच्या पुरवणीतील एकवीस अंकी संख्या

आपल्या पुरवणीतल्या गणिताच्या सदरात मागच्या रविवारी दोन अवयव दिले होते, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यांचा गुणाकार म्हणून खाली ठळक अक्षरांत छापलं होतं : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,४६,१२,९२७. शेवटी सूचना होती, की वाचकांनी नवाचा ताळा करून स्वतःच खात्री करून घ्यावी. या रविवारी एका वाचकाचं पत्रही आलं आहे. त्यांनी ताळा केला, तो जुळला, आणि एवढी मोठी संख्या बिनचूक छापल्याबद्दल त्यांनी आपलं अभिनंदन केलं आहे.

ताळा जुळतो हे खरं आहे. मीही करून पाहिला. पण संख्या चुकलेली आहे. ४६ छापलंय तिथे ६४ हवेत.

मी गणिताची प्राध्यापक वगैरे नाही. एकतीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काम केलं, त्यातली बरीच वर्षं गणिताच्या पुस्तकांवर आणि लॉगरिदमच्या कोष्टकांवर गेली. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली तरी सकाळचा पेपर पेन्सिल हातात घेतल्याशिवाय वाचवत नाही. घरच्यांना याचा त्रास होतो. आज तो तुम्हाला देते आहे.

आधी नवाच्या ताळ्याबद्दल. संख्येतल्या सगळ्या अंकांची बेरीज करायची, त्या बेरजेतल्या अंकांची पुन्हा, असं एक अंक उरेपर्यंत. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, तीन आणि सात दहा, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, सहा आणि चार दहा, म्हणजे १. एक गुणिले एक, एक. छापलेल्या गुणाकाराच्या अंकांची बेरीज १०९ येते, त्याचे दहा, त्याचा १. जुळलं. पण जरा थांबून बघा, आपण फक्त अंक मोजले, ते कुठल्या घरात बसलेत हे कुठे पाहिलं? ६४ लिहा नाहीतर ४६, बेरीज दहाच. दोन शेजारी अंकांची अदलाबदल झाली की संख्येत पडणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. ६४ वजा ४६ म्हणजे १८, आणि इथे ते लाखाच्या घरात असल्याने चूक १८,००,००० ची आहे. नवाने भागलं की अठरा लाख निःशेष जातात. तेव्हा नवाचा ताळा या चुकीपुढे आंधळा आहे. त्याच्याकडून खात्री करून घ्यायला सांगणं म्हणजे ज्याला दिसत नाही त्यालाच पंच नेमण्यासारखं झालं.

आणि आपल्या भाषेत नेमकी हीच चूक सर्वांत जास्त होते. छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि मी मुद्रितावर नजर फिरवायची, अशी आमची पद्धत होती. वाचणारा म्हणाला 'चौसष्ट', तर कानावर आधी चार पडतो आणि मग साठ. घाईत हात आधी चार उमटवतो. पंचवीस, त्र्याहत्तर, शहाण्णव, सगळ्यांची तीच गत, आधी एकक मग दशक. म्हणून आमच्याकडे नियम होता, की संख्या वाचायची ती एकेक अंक सुटा करून. 'सहा, चार, एक, दोन.' तुमच्याकडे कुणी ही संख्या जोड्या-जोड्यांनी सांगितली असावी आणि दुसऱ्याने ती टंकली असावी, अशी माझी अटकळ. चूक नेमकी एका जोडीच्या पोटात आहे, तीही चौसष्टच्या. दोन जोड्यांच्या मधल्या स्वल्पविरामापलीकडे असती तर अटकळ बदलली असती.

मला हे सांगायचा अधिकार स्वतःच्या चुकीतून आला आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका पुस्तकाची उत्तरसूची माझ्याकडे होती. रात्री उशिरा शेवटचे गुणाकार नवाने ताळून मी सही केली. त्यातल्या एकात ८३ चे ३८ झाले होते. पुस्तक बाजारात गेलं, एका शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं आणि प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवत आम्ही तिघे चार दिवस बसलो. आमचे मुख्य मुद्रितशोधक ओरडले नाहीत. त्यांनी एका चिठ्ठीच्या पाठीमागे फक्त '११' लिहून ती माझ्यापुढे सरकवली.

अकराचा ताळा असा. उजवीकडून घरं मोजायची. पहिलं, तिसरं, पाचवं अशा विषम घरांतल्या अंकांची एक बेरीज, दुसरं, चौथं, सहावं अशा सम घरांतल्यांची दुसरी. पहिलीतून दुसरी वजा करायची, गरजेप्रमाणे अकरा मिळवायचे किंवा काढायचे. उरेल ती अकराने भागल्यावरची बाकी. कारण साधं आहे. दहाला अकराने भागलं तर एक कमी पडतो, शंभराला भागलं तर एक जास्त उरतो, हजाराला पुन्हा एक कमी. म्हणून घरं आळीपाळीने उणे आणि अधिक होतात, आणि अंकाने घर बदललं की त्याचं चिन्हच बदलतं.

पहिला अवयव : विषम घरांची बेरीज १२, सम घरांची २५. बारामध्ये बावीस मिळवून पंचवीस वजा केले, ९ उरले. दुसरा अवयव : ३६ वजा २८, म्हणजे ८. नऊ आठे बहात्तर, त्यातून सहासष्ट गेले, ६. म्हणजे गुणाकाराची बाकी ६ यायला हवी. तुम्ही छापलेल्या संख्येत विषम घरांची बेरीज ६१ आणि सम घरांची ४८. फरक १३, बाकी २.

हा ताळा चूक दाखवतोच, शिवाय इथे तो चुकीचा पत्ताही सांगतो, आणि मला यातच खरी मजा वाटते. नव गप्प आणि अकरा ओरडतोय, तर बहुधा अंक तेच आहेत, जागा हलल्या आहेत. शेजारचे दोन अंक उलटले असं धरू. असं झालं की विषम-सम बेरजांतला फरक त्या दोन अंकांतल्या अंतराच्या दुपटीने बदलतो. मला सहा हवे होते, दोन मिळाले, चार कमी. म्हणजे उलटलेल्या अंकांत अंतर दोनाचं, आणि त्यांतला लहान अंक जाऊन बसलाय विषम घरात. (शून्य आणि नऊ ही जोडीही हिशेबात बसते, पण या संख्येत शून्यच नाही.) आता डावीकडून पाहत चला. शेजारी-शेजारी दोनाचं अंतर असलेल्या जागा एकवीस अंकांत तीनच आहेत. सुरुवातीच्या १४७५७ मध्ये ७ आणि ५, लगेच ५ आणि ७, आणि पुढे ४ आणि ६. पहिल्या दोन्हींत मोठा अंक, म्हणजे सात, विषम घरातच आहे, एकोणिसाव्या आणि सतराव्या. त्या बाद. उरली एकच जागा, सातव्या घरातला ४ आणि सहाव्या घरातला ६. उलटा करून बसवा, विषम घरांची बेरीज ६३, सम घरांची ४६, फरक १७, बाकी ६.

पूर्ण गुणाकार न करता चूक सापडली. नंतर मी तो केलाही, दोन फुलस्केप कागद लागले, आणि १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ हेच उत्तर आलं. नातीने संगणकावर तेच काढून दाखवलं. तिला किती वेळ लागला ते लिहीत नाही.

मी एवढी इरेला पडले कारण ही संख्या ऐरीगैरी नाही. सदरात तिची ओळख दोन ओळींत उरकली होती. दोनाचा सदुसष्टावा घात घ्या आणि त्यातून एक वजा करा, ती ही संख्या. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पहिल्या घरात एक, पुढे दुप्पट-दुप्पट. चौसष्ट घरांचे मिळून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात. पटाला आणखी तीन घरं जोडली तर आपली संख्या येते. द्विमान पद्धतीत लिहिली तर नुसते सदुसष्ट एक, ओळीने. एकं दहं शतं म्हणत परार्धापर्यंत गेलं तरी अठराच घरं होतात, ही त्याच्याही पुढे तीन घरं जाते.

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये एक यादी छापली. दोनाचा अमुक घात वजा एक ही संख्या मूळ संख्या असते, असे २५७ पर्यंतचे घातांक त्याने दिले : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. ताळा पाहायचं साधन तेव्हा कुणाकडेच नव्हतं, त्यामुळे यादी टिकून राहिली. १८७६ मध्ये एदुआर ल्युका याने दाखवून दिलं की ६७ ची संख्या मूळ नाही. पण तिचे अवयव काही त्याला सांगता आले नाहीत. मडकं वाजवून पाहिलं तर तडा आहे हे आवाजावरून कळतं, कुठे आहे ते कळत नाही, तसं. एखादी संख्या फुटते हे तिचा एकही अवयव न शोधता सिद्ध करता येतं, ही गोष्ट मला अजूनही थोडी जादूसारखी वाटते.

अवयव सापडायला आणखी सत्तावीस वर्षं गेली. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक होती. फ्रँक नेल्सन कोल यांचं नाव पुकारलं गेलं. हकिकत अशी सांगतात, की ते फळ्यापाशी गेले, एक अक्षर न बोलता त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढला, एक वजा केला, मग फळ्याच्या कोऱ्या बाजूला ते दोन अवयव मांडून हाताने गुणाकार केला. दोन्हीकडे एकच संख्या आली. ते जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्या झाल्या. हे शोधायला किती काळ लागला असं पुढे कुणी विचारलं तर म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

सदरलेखकांनी हा प्रसंग नाट्य म्हणून रंगवला, हरकत नाही. पण मुद्रितशोधकाच्या नजरेने कोल यांनी फळ्यावर केलं ते काय? ताळाच! एकाच संख्येपर्यंत दोन वेगळ्या वाटांनी जाऊन दाखवलं. एका वाटेवर दोनदा चालून जे कळत नाही ते दोन वाटांनी गेल्यावर कळतं. आणि त्या फळ्यावर लाखाच्या घरात ६४ चे ४६ झाले असते तर टाळ्या वाजल्या नसत्या.

तीन वर्षं का लागावीत, याची थोडी चव मी घेऊन पाहिली. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव १३४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्यांपैकीच असावा लागतो, शिवाय त्याला आठाने भागल्यावर बाकी एक किंवा सातच यावी लागते. या चाळणीतून १३५, ५३७, ६७१, १०७३, १२०७ अशा संख्या पडतात, पण त्या स्वतःच फुटतात. पहिली खरी उमेदवार १६०९. आता एकवीस अंकी संख्येला १६०९ ने भागत बसायची गरज नाही, बाक्यांवर भागतं. दोनाचा अकरावा घात २०४८, त्यातून १६०९ गेले, बाकी ४३९. तिचा वर्ग १,९२,७२१, बाकी १२५०, ही बाविसाव्या घाताची. १२५० ला ४३९ ने गुणलं, ५,४८,७५०, बाकी ८१, ही तेहतिसाव्याची. एक्याऐंशीचा वर्ग ६५६१, बाकी १२५, सहासष्टाव्याची. दुप्पट केली, २५०. इथे १ यायला हवा होता, म्हणजे वजा एक केल्यावर शून्य उरलं असतं. नाही आला. १६०९ बाद.

पाच मिनिटं लागली असतील. आता खरा अवयव १९,३७,०७,७२१ बघा, तो १३४ ची १४,४५,५८० वी पट अधिक एक आहे. आठाच्या चाळणीने निम्मे गळले तरी सात लाख बावीस हजार सातशे नव्वद उमेदवार, शेवटचा तो. कोल अर्थातच असे एकेक करून गेले नाहीत, त्यांनी वर्गबाक्यांच्या (वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांच्या) आधारे चाळण्या लावून गर्दी कमी केली. तरीही रविवार ते रविवारच.

मर्सेनच्या यादीबद्दल एक गोष्ट सदरात यायला हवी होती. १८८३ मध्ये इव्हान पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूने दोनाचा एकसष्टावा घात वजा एक ही मूळ संख्या असल्याचं सिद्ध केलं. मर्सेनच्या यादीत ६१ नव्हताच! तेव्हापासून काही जण म्हणत आले, की मर्सेनने ६१ लिहिलं असेल आणि छापताना ६७ झालं असेल. हस्ताक्षरात त्यांच्याकडचे एक आणि सात सारखे दिसतात हे खरं. आपल्याकडे १ आणि ९ मध्ये माझीही फसगत झालेली आहे. पण मला हे पटत नाही. त्याच यादीतला २५७ हाही चुकीचाच निघाला, आणि ८९ व १०७ हे यायला हवे होते ते नाहीत. एका यादीत पाच चुका, त्यांतली एक छपाईची म्हणून सोडवली तर बाकीच्यांचं काय? खिळे जुळवणाऱ्याच्या माथी मारणं नेहमीच सोपं असतं. मर्सेनपर्यंत पोचलेली माहिती अपुरी होती, एवढंच म्हणावं. ती सगळी यादी तपासून संपायला १९४७ उजाडलं.

अकराच्या ताळ्याची बाजू घेतेय म्हणून त्याचा दोष लपवत नाही. एक घर सोडून असलेले दोन अंक उलटले, म्हणजे ६४१ चे १४६ झाले, तर दोन्ही अंक आपापल्या विषम किंवा सम घरांतच राहतात आणि अकराही फसतो. नव तर फसतोच. त्यावर उपाय १००१ चा. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-उणे करायचे. १००१ म्हणजे सात, अकरा आणि तेराचा गुणाकार, त्यामुळे एका दमात तीन ताळे होतात. पहिला अवयव : ७२१ वजा ७०७ अधिक १९३, म्हणजे २०७. दुसरा : २८७ वजा २५७ अधिक ८३८ वजा ७६१, म्हणजे १०७. दोघांचा गुणाकार २२,१४९. त्याचेही गट, १४९ वजा २२, १२७. आता मोठी संख्या : ९२७ − ४१२ + ६७६ − ५८९ + ९५२ − ५७३ + १४७ = ११२८, त्यातून १००१ गेले, १२७. तुमच्या छापील संख्येने हाच हिशेब केला तर ९२६ येतात.

हा १२७ पाहून मी पेन्सिल खाली ठेवली. दोनाचा सातवा घात वजा एक! मर्सेनच्या यादीतलाच, आणि तोही खरोखर मूळ. योगायोग नाही हा. दोनाच्या साठाव्या घाताला १००१ ने भागलं तर बाकी एकच उरते, म्हणून सदुसष्टातले साठ गळून पडतात आणि सात उरतात. पण कारण कळल्यानंतरही ते सुंदरच वाटलं. माझ्या वयाला असे योग रोज येत नाहीत.

आता विनंती. येत्या रविवारी चौकटीत शुद्धिपत्र द्यावं. या रविवारच्या पत्रातल्या त्या वाचकांनाही कृपया कळवावं, त्यांचा ताळा बरोबर होता, त्यांना कमी पडलं ते दुसरं साधन. आणि हे पत्र छापणार असाल तर जुळणी झाल्यावर संबंधितांनी संख्या सुट्या अंकांनी मोठ्याने वाचून घ्यावी. एकूण अंक २१. नवाने बाकी १, अकराने ६, एक हजार एकने १२७. पहिल्या परिच्छेदातली संख्या मुद्दाम चुकीची आहे, ती तशीच राहू द्यावी. ती 'सुधारली' तर पुढचं सगळं पत्र वाया जाईल.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(नाव व पत्ता स्वतंत्र कागदावर जोडला आहे.)